लिहिणारी दोन माणसं, मधे पन्नास वर्षं: वाचकांचे प्रश्न

नव्या लिहिणाऱ्यांची ज्येष्ठ कादंबरीकारांशी होणारी मैत्री, तिच्यातल्या अडचणी आणि व्यवहार, या विषयावर आलेल्या पत्रांतले नऊ प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रं विशी-तिशीतल्या वाचकांची आहेत. एक मात्र कादंबरीकार बाईंचं आहे, आणि आम्हाला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. कुणाचंही नाव छापलेलं नाही.

माझं वय २६. पहिली कादंबरी अर्धी झाली आहे. आमच्याच शहरात राहणाऱ्या एका ज्येष्ठ कादंबरीकारांना मी तिची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. तीन महिने झाले, निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. काय चुकलं? (लातूर)

पीडीएफ पाठवली तीच चूक. फोनच्या सहा इंची पडद्यावर दोनशे पानं वाचणं चाळिशीतल्या माणसालाही जड जातं. ऐंशीच्या घरातल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाकडून ती अपेक्षाच करू नये. शिवाय न विचारता पाठवलेलं हस्तलिखित पोचतं ते ओझं म्हणून. उत्तर दिलं तर अख्खं वाचावं लागेल, म्हणून माणूस उत्तरच देत नाही.

आता पोस्टाने पत्र पाठवा. हाताने लिहिलेलं, एकच पान, अक्षर नेहमीपेक्षा मोठं. सुरुवात त्यांच्या एखाद्या पुस्तकाने करा. सगळे ज्याचं नाव घेतात ते सोडून दुसरं निवडा आणि त्यातली एकच नेमकी जागा विचारा. ‘विहीर आटते तिथपासून थोरली सून बोलायची थांबते, हे तुम्ही आधी ठरवलं होतं की लिहिता लिहिता झालं?’ अशा एका प्रश्नातून तुम्ही वाचलंय हे कळतं. ‘मी तुमचा मोठा चाहता आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. मग तीन ओळींत स्वतःबद्दल लिहा: गाव, पोटापाण्याचं काम, काय लिहिताय. शेवटी एकच विनंती, पाऊण तास भेटायला येऊ का, आणि सोयीच्या दोन तारखा. पाठवलेल्या फाईलबद्दल एवढंच लिहा की ती वाचायची गरज नाही, काढून टाकली तरी चालेल. त्या ओळीने त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

तीन आठवडे थांबा. मग एकदाच फोन, सकाळी साडेदहा ते बारा किंवा संध्याकाळी पाचनंतर. दुपारी एक ते चार कधीही नको. फोन घरच्यांनी उचलला तर नाव सांगा आणि कधी केला तर बरं पडेल ते विचारा. या घरात पुढे तुमचं येणं-जाणं होणार असेल तर ते त्या माणसांमुळेच टिकणार आहे.

पहिल्या भेटीत पाऊण तास झाला की स्वतः उठा. आपल्याकडे पाहुण्याला ‘आता निघा’ म्हणत नाहीत, थकलेला माणूस तसाच बसून राहतो. शाल-श्रीफळ नेऊ नका, त्याने भेटीचा समारंभ होतो. फोटो मागू नका. न्यायचंच तर तुम्हाला आवडलेल्या एखाद्या नव्या लेखकाचं पुस्तक न्या. पंच्याहत्तरीनंतर दुकानांत जाणं कमी होतं आणि आज कोण काय लिहितंय हे कळण्याच्या वाटा बंद होत जातात. तुम्ही त्यांना काही देऊ शकत असाल तर सगळ्यांत आधी हेच.

त्यांना काय म्हणावं? ‘सर’ म्हटलं की परकं वाटतं, ‘काका’ म्हटलं की सलगी. (सोलापूर)

घरात आणि गावात त्यांना जे म्हणतात ते ऐका. अण्णा, दादा, तात्या, बाई, ताई, जे असेल ते चौथ्या-पाचव्या भेटीपासून तुमच्याही तोंडी सहज येईल. तोवर ‘सर’ चालतं. लेखिकेला ‘बाई’ म्हटलेलं ‘मॅडम’पेक्षा बरं. ते तुम्हाला अरे-तुरे करायला लागले तर ती जवळीक समजा. तुम्ही मात्र ‘अहो’च म्हणा.

वर्षभर जाणं-येणं झाल्यावर त्यांनी स्वतःच ‘काय लिहितोस ते आण’ म्हटलं. कसं द्यावं? सगळं द्यावं का? (चिपळूण)

सगळं देऊ नका. पाच हजार शब्द द्या, आणि ते सुरुवातीचे असलेच पाहिजेत असं नाही. तुम्हाला जिथे अडल्यासारखं वाटतं ते प्रकरण द्या आणि आधीचा तपशील अर्ध्या पानात वेगळा लिहा.

कागद ए-फोर, छपाई एकाच बाजूला, अक्षर १६ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. डाव्या बाजूला पाच सेंटिमीटरचा समास सोडा, कारण टिपणं तिथेच होणार आहेत. अशा पानावर दोनशे ते सव्वादोनशे शब्द बसतात, म्हणजे पाच हजार शब्दांची बावीस ते पंचवीस पानं झाली. पानांना क्रमांक हवेतच. स्टेपल किंवा स्पायरल नको, काळी चिमटा-क्लिप लावा. हाताची बोटं आखडलेली असली की स्पायरलची पानं उलटत नाहीत, आणि ज्याला दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघायची सवय आहे त्याला सुटीच पानं लागतात.

जुन्या फाईली श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉण्टमध्ये असतील तर युनिकोडमध्ये बदलून मगच छापा, आणि बदलल्यावर ‘तऱ्हा’, ‘ऱ्हास’, ‘दऱ्या’ यांतला र, ‘ॲ’ची अक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनी तपासा. मोडतोड हटकून तिथेच होते. ‘सूर्य’चा रफार एक अक्षर मागे-पुढे सरकला की वाचणारा दर ओळीला ठेचकाळतो, आणि दोष तुमच्या लिहिण्याचा वाटतो.

सोबत तीन प्रश्न लिहून द्या. ‘कसं वाटलं’ हा त्यांतला एक नसावा. ‘कुठल्या पानावर कंटाळा आला?’, ‘आजीचं बोलणं तिच्या गावचं वाटतं का?’, ‘शेवटचा प्रसंग आधी कळला का?’ असे विचारा. सहा आठवडे विषय काढू नका. मग एकदा आठवण करा आणि पुन्हा गप्प बसा.

बोलणं होईल त्या दिवशी खुलासे करायचे नाहीत. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे वाक्य तोंडाशी आलं की समजा, ते पानावर आलेलं नाही. सगळं वहीत उतरवा, दहा दिवस मजकुराला हात लावू नका, मग तीन रंगांनी खुणा करा: लगेच पटलेलं, अजिबात न पटलेलं, आणि राग आलेलं. तिसऱ्या रंगाकडे महिन्याने परत जा. कामाचं बहुधा तिथे सापडतं.

एक गोष्ट आवर्जून मागा. आज पंच्याहत्तरीपुढे असलेल्या काही लेखकांच्या उमेदवारीत ‘सत्यकथा’ हे मासिक चालू होतं (ते १९८२ साली बंद पडलं). त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकांनाही सविस्तर पत्रं लिहून कथेत कुठे काय खटकतं ते कळवत, कथा पुनःपुन्हा लिहून घेत. तुमच्या कादंबरीकारांकडे अशी संपादकाची जुनी पत्रं असतील तर, त्यांची हरकत नसल्यास, ती वाचायला मागा. आपल्याला मोठा वाटणारा लेखक तिशीत कुठे अडखळत होता ते तिथे दिसतं, आणि मग त्यांच्या शेऱ्यांची भीती उरत नाही.

त्यांच्या दुरुस्त्या घेतल्या की माझं लेखन त्यांच्यासारखं वाटायला लागतं. काय करू? (नाशिक)

त्यांनी दाखवलेली खोट घ्या, त्यांनी सुचवलेलं वाक्य घेऊ नका. समासात ‘हे लांबलंय’ असेल तर ते बहुतेक वेळा खरं असतं. त्यापुढे त्यांनी लिहून दिलेली छोटी ओळ मात्र त्यांच्या कानाने घडलेली असते. ती वाचा, पान बंद करा आणि त्याच जागेची स्वतःची ओळ दुसऱ्या दिवशी लिहा. तुमच्या पिढीची बोली, फोनवरचं तुटक बोलणं, तुमच्या गावचे शब्द यांवर त्यांनी खूण केली असेल तर त्यांना अर्थ सांगा आणि शब्द तसाच ठेवा. प्रस्तावना मात्र मागू नका. नाही म्हणणं त्यांना अवघड जाईल आणि त्यानंतर तुमचं लेखन ते मोकळेपणाने वाचू शकणार नाहीत.

मी ७९ वर्षांची आहे, अकरा कादंबऱ्या लिहिल्या. एक तरुण मुलगी दर पंधरवड्याला येते. तिचा जीव लागलाय, माझाही. तिने दिलेली कादंबरी मला आवडली नाही. खोटं बोलवत नाही आणि ती यायची थांबेल ही भीती वाटते. (कोल्हापूर)

बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून ती थांबेल याची शक्यता कमी आहे. तुम्ही महिनोन् महिने काही बोलला नाहीत तर थांबेल. तुमच्या गप्प बसण्याचा ती जो अर्थ काढेल, तो तुमच्या मताहून कितीतरी कठोर असेल.

पुन्हा वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि दोनच खुणा करा. लक्ष उडालं तिथे समासात उभी रेघ, आणि वाचताना हात थांबला, मन भरलं, तिथे टिंब. शेरे लिहू नका. अडीचशे पानांत पाच टिंबं असतील तर तीही पुरेशी आहेत. बोलताना टिंबांपासून सुरू करा, पान क्रमांक सांगून. मग रेघांकडे वळा: ‘इथून इथपर्यंत मी बाहेर होते.’ हे निदान ती तपासून पाहू शकते. ‘जमलं नाही’ हा निकाल झाला, त्याचं तिला काहीच करता येत नाही. शेवटी तिने विचारलंच तर एका वाक्यात खरं सांगा, की पुस्तक म्हणून हे अजून उभं राहिलेलं नाही. आणि तिथेच पुढची तारीख ठरवा. ती उठून जायच्या आत ठरवा, नंतर फोनवर नको.

वाचणं डोळ्यांना झेपत नसेल तर आठवड्याच्या आत तसं सांगा आणि तिला मोठ्याने वाचायला लावा. एका बैठकीत वीस मिनिटं. ऐकताना लेखनातले दोष डोळ्यांपेक्षा लवकर कळतात, आणि वाचता वाचता तिलाही कळतात.

आणखी एक करा. तुमचं सध्याचं अर्धवट प्रकरण तिला वाचायला द्या, त्यावर अशाच रेघा मारायला सांगा. हे अवघड आहे, पन्नास वर्षांत कुणी तुमच्या कच्च्या पानाला हात लावला नसेल. पण त्या दिवसापासून तुम्ही दोघी एकाच कामाला बसलेल्या असाल.

फ्लोबेर आणि मोपासाँ यांची गुरू-शिष्य म्हणून नावं नेहमी घेतली जातात. ते दोघं प्रत्यक्षात करायचे काय? (पुणे)

हा प्रश्न आल्याचा आनंद झाला, कारण या मैत्रीचा तपशील पत्रांतून आणि मोपासाँच्या स्वतःच्या लेखनातून बराच हाती लागतो.

फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेर १८२१चा, कथाकार गी द मोपासाँ १८५०चा. म्हणजे एकोणतीस वर्षांचं अंतर. ओळख घरातूनच आली. मोपासाँची आई लॉर ही फ्लोबेरची बालमैत्रीण. तिचा भाऊ आल्फ्रेद ल पॉतव्हँ फ्लोबेरचा जिवलग होता आणि तो १८४८मध्ये तरुणपणीच वारला. बहिणीचा मुलगा समोर येऊन बसला तेव्हा फ्लोबेरला त्याच्यात तो गेलेला मित्र दिसत असे.

मोपासाँ पॅरिसमध्ये नौदल मंत्रालयात कारकून होता. फ्लोबेर पॅरिसमध्ये असला की रविवारी त्याच्या घरी जायचं, हा क्रम सुमारे सात वर्षं चालला. मोपासाँने कविता नेल्या, कथा नेल्या, लांबलचक कथा नेल्या, एक वाईट नाटकही नेलं. त्यातलं काहीच उरलं नाही असं पुढे त्याने स्वतःच एका कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. ती कादंबरी १८८८ साली आली. फ्लोबेर सगळं वाचायचा आणि पुढच्या रविवारी जेवताना त्यावर बोलायचा.

अभ्यास कसा द्यायचा तेही त्याच प्रस्तावनेत आहे. दारात बसलेला वाणी, चिलीम ओढणारा इमारतीचा पहारेकरी, अड्ड्यावरचा घोडागाडीचा घोडा. वाण्याचं वर्णन असं कर की दुसऱ्या कुठल्याही वाण्याशी तो मिसळला जाणार नाही. एका शब्दात असं दाखव की हा घोडा पुढे-मागे उभ्या असलेल्या पन्नास घोड्यांपेक्षा वेगळा कशाने. आपल्याकडे हा अभ्यास एसटी स्टँडवर करता येईल. एकच माणूस निवडा, पंधरा मिनिटं पाहा, शंभर शब्दांत लिहा. मग त्यातला जो शब्द शेजारच्या माणसालाही लागू पडतो तो खोडा. पहिल्यांदा बहुतेक सगळेच खोडावे लागतात, म्हणून निराश होऊन सोडू नका. दहाव्या-बाराव्या खेपेला दहा शब्द उरायला लागतात.

फ्लोबेरने त्याला छापण्याची घाई करू दिली नाही. १८७५मध्ये मोपासाँची एक कथा आली तीही टोपणनावाने. नोकरीत तो गांजला तेव्हा फ्लोबेरने शब्द टाकून त्याला शिक्षण मंत्रालयात जागा मिळवून दिली. नदीवर होड्या वल्हवण्यात फार वेळ घालवतोस म्हणून पत्रांतून रागावलाही.

मोपासाँ नुसता घेत नव्हता, ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. फ्लोबेरला शेवटच्या कादंबरीतल्या एका प्रसंगासाठी नॉर्मंडीच्या समुद्रकड्यांची माहिती हवी होती: भरती-ओहोटीला कुठून जाता येतं, कडा कुठे कोसळलाय, वाट कुठे बंद होते. मोपासाँ त्या किनाऱ्यावरच वाढलेला. १८७७ साली त्याने एत्रता या गावाच्या आणि आसपासच्या कड्यांचं तपशीलवार पत्र रेखाटनांसह पाठवलं. तरुण माणसाचे पाय चालतात, डोळे दिसतात, त्याला तिथे जाता येतं. म्हाताऱ्या कादंबरीकाराला नेमकं तेच लागतं. तुमच्या कादंबरीकारांना पस्तीस वर्षांपूर्वी पाहिलेला घाट पुन्हा लिहायचा असेल तर जाऊन या आणि अंतर, झाडं, टपऱ्या, वळणं लिहून आणा.

१८८०च्या सुरुवातीला मोपासाँने ‘बूल द स्वीफ’ ही दीर्घकथा फ्लोबेरला वाचायला दिली. फ्लोबेरने ती अव्वल दर्जाची कलाकृती असल्याचं कळवलं. एप्रिलमध्ये ती छापून आली, आणि ८ मे १८८० रोजी फ्लोबेर गेला. सात वर्षांच्या रविवारांनंतर दोघांना मिळाले ते इतकेच थोडे आठवडे. पुढे १८८४मध्ये फ्लोबेरची लेखिका झॉर्ज साँदला लिहिलेली पत्रं पुस्तकरूपाने आली, त्या पुस्तकाला अभ्यासपूर्ण प्रस्तावना मोपासाँने लिहिली. साँद फ्लोबेरपेक्षा सतरा वर्षांनी मोठी, आणि त्या मैत्रीत तरुण बाजू फ्लोबेरची होती. तिला आवडावी म्हणून त्याने एक कथा लिहायला घेतली, ती पुरी व्हायच्या आत, १८७६मध्ये साँद गेली.

ज्येष्ठ कादंबरीकारांचा हात थरथरतो. ते सांगतात, मी लिहून घेते, जुनी हस्तलिखितंही टाइप करते. किती वेळ द्यावा, पैसे घ्यावेत का? (ठाणे)

आधी वेळेचा हिशेब मांडा. मराठी टंकलेखनाच्या परीक्षेचा वेग मिनिटाला तीस शब्द असला तरी खोडाखोडीचं हस्ताक्षर लावत, ताडून पाहत टाइप केलं की तासाला सहा-सातशे शब्द हातचे धरावेत. साठ हजार शब्दांच्या कादंबरीला नव्वद ते शंभर तास. आठवड्याला सहा तास दिले तर जवळपास चार महिने. हा आकडा पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून बघा. ‘होईल महिन्याभरात’ म्हटलेलं काम सहा महिने रेंगाळलं की दोघांनाही अपराधी वाटतं आणि गप्पा बंद होतात.

पैसे घ्या. पानामागे किंवा तासामागे दर ठरवा आणि एका कागदावर लिहा. तुम्ही नको म्हटलंत तर ते तुम्हाला काम सांगायला कचरतील, चूक दाखवायलाही कचरतील. गप्पा मारायला जायचा दिवस वेगळा ठेवा. टाइप केल्याने किंवा सांगितलेलं उतरवून घेतल्याने लेखकत्वाचा हक्क मिळत नाही, हेही स्पष्ट असू द्या. ऋणनिर्देश करायचा की नाही हे त्यांच्यावर सोडा.

सांगून लिहिण्याची बैठक चाळीस मिनिटांची, मग दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा चाळीस. दिवसात एवढंच. बोललेलं ध्वनिमुद्रित करा, पण त्यांना विचारून, आणि ते ताडून पाहण्यापुरतं. फोनच्या आवाजी टंकनावर विसंबू नका. ते विरामचिन्हं गाळतं आणि ‘व्हता’चं ‘होता’ करून ठेवतं. प्रत्येक बैठकीअखेर शेवटची दोन पानं वाचून दाखवा.

रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीने १८६६च्या ऑक्टोबरात एक छोटी कादंबरी २६ दिवसांत अशीच सांगून पुरी केली. वीस वर्षांची ॲना स्नित्किना लघुलिपीत उतरवून घ्यायची, घरी जाऊन स्वच्छ प्रत करायची, आणि पुढच्या भेटीत तो ती दुरुस्त करायचा. ही दुरुस्तीची पायरी घाईत गाळली जाते. मग लेखक अंदाजाने पुढे सांगत राहतो आणि पाचव्या प्रकरणात पात्राचं वय बदलतं.

म्हणून एक टिपणवही ठेवा: पात्रांची नावं, वयं, नाती, कोण कुणाला काय हाक मारतं, गावांची नावं, आणि शब्दांची लेखनपद्धती. शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ साली ठरले, चौदा होते, १९७२मध्ये चार वाढले. त्याआधी शाळा शिकलेल्यांच्या हातून आजही ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘पुढें’ असं उतरतं. नव्या मजकुरात हे अनुस्वार ठेवायचे की काढायचे ते एकदा विचारा आणि वहीत लिहा. जुन्या हस्तलिखिताची प्रत करताना मात्र एकही बदलू नका. अक्षर लागलं नाही तर तर्क न करता चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घाला. बोलीतला शब्द तुम्हाला चुकीचा वाटला तरी तसाच टाइप करा. पन्नास वर्षांपूर्वीच्या गावात तो बरोबर होता.

मी २४ वर्षांची. सुरुवातीला साहित्यावर बोलणं व्हायचं, आता ते माझ्या दिसण्याबद्दल, लग्नाबद्दल बोलतात. जाणं थांबवलं तर कृतघ्नपणा होईल का? (नागपूर)

नाही. थांबवा. कारण द्यायला तुम्ही बांधील नाही. तुमची हस्तलिखितं त्यांच्याकडे असतील तर सोबत कुणाला तरी घेऊन जाऊन परत आणा, किंवा निरोप पाठवून पोस्टाने मागवा. घडलेलं तारखांसह लिहून ठेवा, मेसेज पुसू नका, घरच्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला सांगा. नव्याने कुणाला भेटणाऱ्या सगळ्यांसाठीही सांगतो, पहिल्या काही भेटी ग्रंथालयात किंवा घरची माणसं असताना दिवसाउजेडी ठेवा, आणि आपल्या लेखनाची प्रत कायम आपल्याजवळ असू द्या.

‘माझ्यामागे हे सगळं तू बघ’ असं म्हणून त्यांनी मला एक ट्रंक दाखवली: हस्तलिखितं, पत्रं, दोन अप्रकाशित कादंबऱ्या. मी काय करायला हवं? (रत्नागिरी)

ते बोलले त्याच आठवड्यात घरच्यांना बोलवून सगळ्यांसमोर पुन्हा बोलणं करा. तोंडी सांगितलेल्याला पुढे आधार राहत नाही, आणि मुलांना हे अंत्यविधीनंतर कळलं तर ट्रंक तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

मग लेखी. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो आणि वारसांकडे जातो. याच कायद्याचं २०वं कलम तुमच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. अप्रकाशित कृतीचं हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिलं आणि मृत्युपत्रात वेगळं काही म्हटलं नसेल, तर त्या कृतीचा कॉपीराइटही त्याच्याकडेच गेला असं मानलं जातं. तेव्हा त्यांना तुम्हाला कागद फक्त सांभाळायला द्यायचे असतील आणि मानधन मुलांना जावं असं वाटत असेल, तर ते मृत्युपत्रात स्वच्छ लिहायलाच हवं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. त्यावर त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. साक्षीदार म्हणून तुम्ही सही करू नका. हयातीतच हक्क लिहून देणार असतील तर मुदत आणि प्रदेश नमूद करा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. दोन्ही कागद वकिलाच्या नजरेखालून घाला.

दोन अप्रकाशित कादंबऱ्यांबद्दल त्यांच्या हयातीतच विचारा: छापायच्या, अभ्यासकांना दाखवायच्या, की नष्ट करायच्या? अर्धवट राहिली तर कुणी पुरी करावी का? उत्तर त्यांच्या शब्दांत, तारीख घालून घ्या. पत्रांचं वेगळं आहे. ट्रंकेतल्या पत्राचा कागद त्यांचा, पण मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा. इतरांनी त्यांना लिहिलेली पत्रं छापायला त्या लेखकांची किंवा वारसांची परवानगी लागेल.

आता कागद. कोकणातल्या दमटपणात टाचण्या आणि स्टेपल गंजून पान खातात, त्यामुळे त्या आधी काढा. खेचू नका, मागच्या बाजूने पाय सरळ करून काढा. क्रम टिकावा म्हणून कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने आकडे घाला, बॉलपेनने नाही. सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीच नको. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून शाईत उतरतो, आणि लॅमिनेट केलेला कागद परत सोडवता येत नाही. रबरबँडऐवजी सुती नाडी वापरा, वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा, त्यांतलं आम्ल शेजारच्या पानाला डागतं. धुतलेल्या, कोऱ्या सुती कापडात गठ्ठे बांधा. पेशवे दप्तरातले कागद अशाच रुमालांत बांधलेले आहेत. ट्रंक जमिनीपासून आणि भिंतीपासून दहा सेंटिमीटर दूर, फळीवर. उन्हात वाळवू नका, शाई उडते. पान भिजलंच तर मधे टीपकागद घालून पंख्याखाली ठेवा. कसर दिसली तर तो गठ्ठा महिनाभर वेगळा ठेवा आणि रोज बघा.

स्कॅन रंगीतच करा, कारण वेगवेगळ्या शाईतल्या खोडाखोडीवरून कुठली दुरुस्ती आधीची ते कळतं. शाईला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरे, फिकट पेन्सिलीला ६००. ए-फोर पान ३०० डीपीआयला टिफ (कॉम्प्रेस न केलेली चित्रफाईल) स्वरूपात सुमारे २६ एमबी होतं, म्हणजे पाचशे पानांना १३ जीबी. दोन हार्ड डिस्क घ्या, एक तुमच्याकडे, दुसरी दुसऱ्या गावात. मूळ कागद पुढे संस्थेला द्यायचे असतील तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद किंवा ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय यांना आधी पत्र लिहून विचारा: हस्तलिखितं घेता का, कुठे ठेवता, वाचायला कुणाला देता.

हे सगळं करण्याआधी ट्रंक उघडून त्यांच्या शेजारी बसा आणि यादी करा. वहीत क्रमांक, काय आहे, किती पानं, साधारण साल, आणि ते सांगतील ते. कुठल्या पत्रातली ‘ती’ कोण, कुठलं प्रकरण कुणाच्या सांगण्यावरून गाळलं, हे तेच सांगू शकतात. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त काढू नका, जुने कागद माणसाला थकवतात. यादीची एक प्रत घरच्यांकडे, एक तुमच्याकडे, आणि एक ट्रंकेत सगळ्यांत वर.